रोजचा तोच रस्ता, रोज वेगळं अंतर: चालण्याच्या नोंदी कुठे चुकतात आणि कशा दुरुस्त करायच्या

तक्रार साधारण अशी असते. रस्ता तोच, वळणं तीच, वेळही जवळपास तेवढाच. पण ॲप एका दिवशी ४.२ किलोमीटर दाखवतं आणि दुसऱ्या दिवशी ३.९. मनगटावरचं घड्याळ तिसराच आकडा सांगतं. मग माणूस सेटिंगमध्ये शिरतो, उंची बदलून बघतो, ॲप काढून दुसरं टाकतो, फोन बंद करून चालू करतो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

हा प्रश्न कायमचा सुटत नाही, कारण तक्रार एक असली तरी तिच्यामागची कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. उपग्रहांच्या सिग्नलमुळे नकाशावरची रेषा हलत असेल तर पावलाची लांबी बदलून काय होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एवढंच ठरवा: चूक दर वेळी एकाच बाजूला होते, की कधी कमी आणि कधी जास्त?

रोज साधारण सात-आठ टक्के जास्तच किंवा रोज तेवढंच कमी दिसत असेल, तर मापाचा आधारच चुकलेला आहे. पावलाची लांबी, कॅलिब्रेशन (यंत्राला तुमची चाल शिकवणं), ऑटो पॉझ (थांबलात की नोंद आपोआप थांबणं) या गोष्टी तपासा. आकडा दोन्हीकडे डोलत असेल तर बहुतेक वेळा सिग्नलचा मामला असतो. आणि एरवी सगळं ठीक, पण एखाद्याच दिवशी एक-दीड किलोमीटर गायब, असं असेल तर त्या दिवशी फोनने ॲपच झोपवलेलं असतं.

आधी खात्रीचं अंतर हवं

दोन यंत्रांची एकमेकांशी तुलना करून काहीच कळत नाही. दोन्ही चुकीची असू शकतात. मोजलेलं, खात्रीचं अंतर लागतं.

सगळ्यात सोपी सोय म्हणजे ॲथलेटिक्सचा ४०० मीटरचा ट्रॅक. पण इथे बरेच जण बाहेरच्या लेनमधून चालतात (धावणाऱ्यांना आतली लेन मोकळी सोडायची, हा शिष्टाचार योग्यच आहे) आणि हिशेब मात्र ४०० मीटरचा धरतात. ४०० मीटर ही फक्त पहिल्या लेनची लांबी, तीही आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजलेली. प्रमाणित ट्रॅकवर एका लेनची रुंदी १.२२ मीटर असते, त्यामुळे बाहेर सरकाल तसं दर लेनला साडेसात मीटरच्या आसपास अंतर वाढतं. आठव्या लेनची एक फेरी ४५३ मीटरची भरते. म्हणजे पाच फेऱ्यांत २६५ मीटरचा फरक. घड्याळाने तिथे २.२६ किलोमीटर दाखवलं तर ते बरोबर आहे.

ट्रॅक नसेल तर नकाशाच्या ॲपमधलं अंतर मोजण्याचं साधन वापरा. उपग्रहाचं दृश्य लावा, पुरेसं झूम करा आणि तुम्ही रस्त्याच्या ज्या कडेने चालता त्याच कडेवर बिंदू टाकत जा. वळणावर बिंदू जवळजवळ टाका. दोन टोकांना दोन बिंदू टाकून आलेलं अंतर वळणदार वाटेवर नेहमीच कमी येतं.

शर्यतीचा प्रमाणित मार्ग वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. असे मार्ग सायकलच्या चाकाला बसवलेल्या काउंटरने मोजतात, तेही शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. त्यामुळे ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग मुळातच ४२ मीटरने मोठा आखलेला असतो. तुम्ही गर्दीतून, वळणाच्या बाहेरच्या कडेने चालता. घड्याळाने थोडं जास्त दाखवणं तिथे स्वाभाविकच आहे, कारण तुम्ही खरोखरच जास्त चाललेले असता.

आता चाचणी. जीपीएस तपासायचं असेल तर ट्रॅक ही फारशी चांगली जागा नाही, कारण तिथे अर्धा वेळ वळणातच जातो. त्यासाठी मोकळं आभाळ असलेला लांब सरळ रस्ता घ्या, एक किलोमीटर जाऊन परत या. पावलांवरून काढलेलं अंतर तपासायचं असेल तर ट्रॅक उत्तम. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करा आणि आकडे कागदावर लिहा. समजा खऱ्या २००० मीटरसाठी २०९०, २१००, २०८५ असे आकडे आले, तर यंत्र साडेचार टक्के वर आहे पण ठाम आहे. ही चांगली बातमी, कारण रोज पाच मिनिटं पुढे असणाऱ्या घड्याळावर गाडी पकडता येते. १९१०, २०६०, २१४० असे आले तर सरासरी छान दिसेल, पण एका दिवसाच्या आकड्यावर विसंबता येणार नाही.

नकाशावरची रेषा वाचायला शिका

आकड्यांपेक्षा रेषा जास्त सांगते आणि बहुतेक लोक ती झूम करून बघतच नाहीत. चालणं संपलं की नोंद उघडा आणि बोटाने ताणून रस्त्याची रुंदी दिसेपर्यंत मोठी करा.

सिग्नलला किंवा ओळखीचं माणूस भेटलं म्हणून जिथे थांबला होतात, तिथे रेषेचा गुंता दिसेल. तुम्ही उभे होता, पण जीपीएसचा बिंदू पाच मीटर इकडे, चार मीटर तिकडे भटकत होता आणि ॲप ते सगळं अंतरात जमा करत होतं. दहा मिनिटांच्या गप्पांत शंभर-दोनशे मीटर असे फुकटात मिळू शकतात.

रेषा रस्ता सोडून घरांच्या आरपार सरळ गेली असेल, तर त्या तुकड्यात नोंदच झालेली नाही. दोन टोकं सापडली, मधलं सगळं ॲपने पट्टीने जोडलं. अंतर कमी दिसणार, कारण खरी वाट वळणाची होती.

रेषा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होत असेल तर सिग्नल परावर्तित होऊन येतो आहे. आणि सुरुवातीलाच एक लांब सरळ रेघ कुठून तरी लांबून येऊन तुमच्या दारात मिळत असेल, तर उपग्रह सापडण्याआधीच स्टार्ट दाबलं गेलं. फोनने आधी मोबाइल टॉवर किंवा वायफायवरून अंदाजे जागा धरली, मग खरी जागा सापडली, आणि मधली उडी अंतरात मोजली गेली.

रेषा अगदी रस्त्यावर, स्वच्छ, आणि तरीही अंतर चुकतंय? मग त्या ॲपचं अंतर रेषेवरून काढलेलंच नाही. ते पावलांवरून येतंय. पावलांचा भाग पुढे आहे, थेट तिकडे गेलात तरी चालेल.

सिग्नलची भानगड

मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या परिघात जागा सांगतं. गाडीसाठी ते भरपूर झालं. चालणाऱ्यासाठी मात्र इथेच गोम आहे. ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर पुढे सरकतो, म्हणजे दर सेकंदाच्या हालचालीपेक्षा जागेतली चूकच मोठी. बिंदू थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे पडत राहतो आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक अंतर वाढतं. ज्या घड्याळाची सायकलवर एकही तक्रार नसते, तेच चालताना का गंडतं याचं हे उत्तर. चांगली घड्याळं नुसते बिंदू जोडत नाहीत; सिग्नलच्या वारंवारतेत हालचालीमुळे पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग काढतात आणि बिंदूंची थरथर गाळून टाकतात. दोन ॲप एकाच वाटेचं वेगळं अंतर सांगतात त्याचं एक मोठं कारण ही गाळणीच असते. एकच नोंद एका ॲपमधून दुसऱ्यात पाठवली तरी आकडा थोडा बदलतो, तोही त्यामुळेच.

उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतीवर आपटून येतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, सगळा हिशेब सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवर, आणि वाट वाकडी झाली की तेवढंच अंतर वाढलेलं भासतं. दाट झाडीखाली, विशेषतः ओल्या पानांखाली, सिग्नल क्षीण होतो. यावर सेटिंगमधला उपाय मर्यादित आहे. घड्याळात एकाहून जास्त उपग्रहप्रणाली वापरायचा पर्याय असेल (जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू) तर तो चालू ठेवा. दोन वारंवारता पकडणारं, एल१ आणि एल५ दोन्ही घेणारं घड्याळ किंवा फोन असेल तर इमारतींमधला फरक खरोखर जाणवतो. रोज मोकळ्या मैदानावर चालणाऱ्याने मात्र त्यासाठी नवं यंत्र घेऊ नये, असं माझं मत.

सुरुवातीची उडी टाळणं सगळ्यात सोपं. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात पाठवत असतो. फोन ती इंटरनेटवरून पटकन मिळवतो. घड्याळाने बरेच दिवस फोनशी सिंक केलं नसेल तर त्याला ती आभाळातूनच गोळा करावी लागते, आणि चालता चालता, अर्धं आभाळ झाकलेलं असताना ते काम रेंगाळतं. म्हणून निघण्याआधी घड्याळ सिंक करा, बाहेर मोकळ्या जागी येऊन चालण्याची नोंद उघडा, जीपीएसचं चिन्ह स्थिर होईपर्यंत उभे राहा आणि मगच स्टार्ट दाबा. लिफ्टमध्ये स्टार्ट दाबणाऱ्यांच्या नोंदी बघूनच ओळखू येतात.

उलट प्रकारची चूकही होते: अंतर कमी भरणं. बॅटरी वाचवण्यासाठी काही यंत्रं दर सेकंदाला बिंदू न घेता पाच-दहा सेकंदांनी घेतात. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. पण बागेतली १० मीटर त्रिज्येची गोल वाट घ्या. दहा सेकंदांत तुम्ही कडेने १४ मीटर चालता, यंत्र मात्र दोन बिंदूंमधली सरळ रेघ मोजतं, जी १२.९ मीटरच भरते. आठ टक्के गेले. छोट्या बागेत गोल गोल फिरणाऱ्यांची ‘रोज कमीच दाखवतं’ ही तक्रार बहुधा इथून येते. घड्याळात नोंदीचा वेग दर सेकंदाला असा करा. जीपीएसचा बॅटरी बचतीचा मोड असेल तर तासाभराच्या चालण्यासाठी त्याची गरज नाही.

आणि चढाचं कारण पुढे करू नका. ‘नकाशा सपाट अंतर मोजतो, मी चढ चढतो’ हा युक्तिवाद बरोबर असला तरी त्याचा परिणाम नगण्य आहे. दर १० मीटरला एक मीटर चढणाऱ्या दमछाक करणाऱ्या रस्त्यावरही सपाट आणि खऱ्या अंतरात फक्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो.

फोन ॲपला झोपवतो

एखाद्या दिवशी मोठा तुकडाच गायब होत असेल तर जीपीएसला दोष देऊ नका. स्क्रीन बंद झाली की अनेक अँड्रॉइड फोन मागे चालणारं ॲप गोठवतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय स्वतंत्र बॅटरी मॅनेजर असतो, तिथेही त्या ॲपला सूट द्यावी लागते. फोनच्या सिस्टीमचं मोठं अपडेट झाल्यावर ही सेटिंग पुन्हा तपासा, ती बदललेली सापडू शकते. ‘महिनाभर नीट होतं आणि अचानक बिघडलं’ म्हणणाऱ्यांनी आधी इथेच बघावं. बॅटरी सेव्हर चालू असताना नोंद घेऊच नका.

दुसरी जागा म्हणजे लोकेशनची परवानगी. ‘प्रिसाइज लोकेशन’ बंद असेल तर ॲपला तुमची जागा मुद्दामच ढोबळ दिली जाते. अँड्रॉइडवर हा ढोबळपणा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा असतो. अशा जागेवरून चालण्याचं अंतर काय डोंबल निघणार. खाजगीपणासाठी इतर ॲपना ढोबळ जागा द्या, पण चालणं मोजणाऱ्याला नेमकी लागते.

ऑटो पॉझबद्दल माझं मत ठाम आहे: चालण्यासाठी तो बंद ठेवावा. वेग एका मर्यादेखाली गेला की नोंद थांबवायची, ही कल्पना धावणाऱ्यांसाठी ठीक. हळू चालणाऱ्याचा नेहमीचा वेग मात्र त्या मर्यादेच्या आसपासच असतो, त्यामुळे तो चालत असतानाच यंत्र मधूनमधून थांबतं, परत सुरू व्हायला काही सेकंद घेतं आणि प्रत्येक वेळी थोडं अंतर खातं. चढावर तर हमखास. थांबायचंच असेल तर हाताने पॉझ दाबा, म्हणजे सिग्नलपाशी होणारा तो गुंताही टळेल.

पावलांवरून अंतर

घरात, ट्रेडमिलवर, मॉलमध्ये किंवा जीपीएस नसलेल्या बँडवर अंतर म्हणजे पावलांची संख्या गुणिले पावलाची लांबी. दोन्ही आकडे चुकू शकतात, आणि कोणता चुकतोय हे वेगळं काढलंच पाहिजे.

पावलांची संख्या तपासायला एका पायाची पावलं मोजा. दर वेळी डावा पाय टेकला की एक, असे शंभर आकडे म्हणजे दोनशे पावलं. यंत्राने १९५ ते २०५ दाखवलं तर ठीक. सुरुवातीची काही पावलं बरीच यंत्रं लगेच दाखवत नाहीत. सलग चालणं आहे अशी खात्री पटल्यावर ती मोजणीत घेतात. म्हणून दहा-वीस पावलांवर चाचणी करू नका. घरातल्या घरात स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा तुकड्यातुकड्यांच्या चालण्यात म्हणूनच बरीच पावलं गळतात.

मनगटावरचं यंत्र पाय मोजत नाही, हाताचं हलणं मोजतं. बाबागाडी ढकलताना, काठी किंवा वॉकर धरून चालताना, हात खिशात घालून किंवा फोन कानाला लावून चालताना हात स्थिर असतो आणि पावलं गायब होतात. ताशी ३ किलोमीटरच्या खालच्या संथ चालीतही हेच होतं, कारण हेलकावा इतका सौम्य असतो की यंत्राला तो पाऊल वाटतच नाही. घरातल्या वयस्कर माणसांना बँड घेऊन दिला आणि ‘आई, तू तर काहीच चालत नाहीस’ असं कुणी म्हणत असेल, तर आधी बँड काढून फोन त्यांच्या कमरेपाशी घट्ट खिशात ठेवून बघा. पायाच्या जवळची जागा संथ चालीसाठी जास्त भरवशाची. उलट, टाळ्या वाजवताना, कणीक मळताना मनगटावर पावलं वाढलेलीही दिसतील. त्यावर फार डोकं लावू नका.

आता पावलाची लांबी. बहुतेक ॲप ती उंचीवरून गृहीत धरतात. प्रचलित सूत्र आहे उंची गुणिले ०.४१५ पुरुषांसाठी आणि ०.४१३ स्त्रियांसाठी. १७० सेंटिमीटर उंचीला दोन्हीत उत्तर ७० सेंटिमीटरच्या आसपासच येतं. हे सूत्र सरासरी माणसाचं आहे, तुमचं नाही. तुमचं पाऊल प्रत्यक्षात ६४ सेंटिमीटरचं असेल तर ६००० पावलांचे ३.८४ किलोमीटर होतात आणि ॲप ४.२ दाखवतं. रोज, न चुकता, नऊ टक्के जास्त.

यावरचा इलाज अर्ध्या तासाचा आहे. ट्रॅकच्या पहिल्या लेनमध्ये नेहमीच्या चालीने एक फेरी मारा आणि पावलं मोजा. ५८८ भरली तर ४०० भागिले ५८८, म्हणजे ६८ सेंटिमीटर. मग हळू चालीने दुसरी फेरी मारा. ६४० भरली तर साडेबासष्ट. वेगाबरोबर पावलाची लांबी बदलते, हे इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. एकच लांबी टाकून सगळ्या चालींना न्याय मिळत नाही. ॲपमध्ये एकच रकाना असेल तर ज्या चालीने तुम्ही व्यायाम करता ती लांबी टाका आणि दिवसभराच्या इकडेतिकडे फिरण्याचे किलोमीटर गंभीरपणे घेऊ नका. टाकताना एवढं बघा की ॲप एका पावलाची लांबी मागतंय की उजवा पाय ते पुन्हा उजवा पाय अशी दोन पावलांची. अंतर बरोबर निम्मं किंवा दुप्पट दिसत असेल तर गडबड इथेच आहे, दुसरीकडे शोधू नका.

काही घड्याळं ही लांबी स्वतः शिकतात. ॲपल वॉचला शिकवायचं तर फोनच्या लोकेशन सर्व्हिसेसमध्ये ‘मोशन कॅलिब्रेशन अँड डिस्टन्स’ चालू करायचं आणि सपाट, मोकळ्या जागी ‘आउटडोअर वॉक’ लावून सुमारे २० मिनिटं नेहमीच्या चालीने चालायचं. दुखापतीनंतर चाल बदलली असेल किंवा घड्याळ आधी दुसरं कुणी वापरत असेल, तर वॉच ॲपच्या प्रायव्हसीमधून जुनं फिटनेस कॅलिब्रेशन पुसून नव्याने शिकवा. हे न केल्यामुळे ट्रेडमिलवरचं अंतर वर्षानुवर्षं चुकत राहतं.

ट्रेडमिल

मशीन आणि घड्याळ भांडत असतील तर मशीनच बरोबर असेल असं समजू नका. जुना, ताण गेलेला पट्टा तुमच्या वजनाखाली घसरतो. मशीन बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी मोजून घ्या आणि कडेला खडूची ठळक खूण करा. मग कुणालातरी पट्ट्यावर चालायला सांगा आणि बाजूला उभं राहून खूण वीस वेळा समोरून जायला किती सेकंद लागतात ते मोजा. फिरत्या पट्ट्याजवळ हात नेऊ नका. पट्टा ३ मीटरचा, वीस फेरे म्हणजे ६० मीटर, आणि ४५ सेकंद लागले तर खरा वेग ताशी ४.८ किलोमीटर. स्क्रीन ५ दाखवत असेल तर चार टक्क्यांची गंमत आहे. रिकाम्या पट्ट्यावर ही चाचणी करून उपयोग नाही.

दांडा धरून चालत असाल तर घड्याळ कमी मोजणारच. दांडा सोडा, नाहीतर अंतर मशीनचं घ्या.

पेस का उड्या मारतो

अंतर सुधारलं तरी पेसची, म्हणजे एक किलोमीटर चालायला किती मिनिटं लागतात त्या आकड्याची, तक्रार उरते, कारण लोक स्क्रीनवरचा क्षणाचा पेस बघतात. ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालताना पाच सेकंदांत ७ मीटर होतात आणि पेस किलोमीटरला ११:५४ असायला हवा. जीपीएसने त्या तुकड्यात दोन मीटरची चूक केली तर पेस १६:४० तरी दिसेल किंवा ९:१६ तरी. तुम्ही मात्र घड्याळासारखे एका लयीत चाललेले. हीच चूक अख्ख्या किलोमीटरवर दहा मीटरची झाली तरी पेसमध्ये फक्त सात सेकंदांचा फरक पडतो. मी चालताना क्षणाचा पेस स्क्रीनवर ठेवतच नाही. चालू किलोमीटरचा सरासरी पेस ठेवतो. लयीसाठी मिनिटाला किती पावलं पडतात हा आकडा जास्त उपयोगी, तो लगेच प्रतिसाद देतो आणि त्याला उपग्रह लागत नाहीत. मिनिटाला १०० पावलं ही प्रौढांसाठी मध्यम तीव्रतेच्या चालीची ढोबळ खूण मानली जाते.

बाकीच्या तक्रारी बहुतेक हिशेबाच्या असतात. ताशी ५.५ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला १०.९ मिनिटं, आणि १०.९ मिनिटं म्हणजे १० मिनिटं ५४ सेकंद, १० मिनिटं ९ सेकंद नव्हे. पेस अचानक दीडपटीहून जास्त झाला असेल तर ॲपमध्ये मैल लागलेत का ते बघा, मैल १.६०९ किलोमीटरचा, त्यामुळे मैलाला १५ मिनिटं ही चाल किलोमीटरला ९:१९ होते. चार किलोमीटरला चालण्याची ४४ मिनिटं आणि थांबण्याची ६ असतील, तर एक ॲप ११:०० दाखवेल आणि दुसरं १२:३०. दोन्ही बरोबर. एकाने थांबे वगळले, एकाने धरले. तुलना करताना दोन्हीकडे एकच प्रकार घ्या.

सरासरीही नीट काढा. तीन किलोमीटर १०:००ने आणि एक किलोमीटर १५:००ने चाललात, तर सरासरी १२:३० नाही. एकूण ४५ मिनिटं भागिले ४ किलोमीटर, म्हणजे ११:१५. ज्या नोंदीत एखादा किलोमीटर दोन मिनिटांत झालेला दिसतो, तिथे स्टॉप दाबायचं राहून पुढचा प्रवास गाडीतून झालेला असतो. ॲपमध्ये नोंद कापायची सोय असेल तर शेवटचा भाग छाटून टाका.

आकडे दुप्पट

फोन खिशात, बँड मनगटावर, आणि दोन्हींचा डेटा एकाच आरोग्य ॲपमध्ये जात असेल तर पावलं दोनदा जमा होऊ शकतात. ॲपमध्ये डेटाच्या स्रोतांची यादी असते. व्यायामासाठी वापरता ते यंत्र सगळ्यात वर ठेवा. ज्या ॲपला क्रम कळत नाही, तिथे एका स्रोताची परवानगी काढून घ्या. तिसरं ॲप या दोघांकडून डेटा घेऊन परत पहिल्याकडे पाठवत असेल तर आधी ते तोडा, नाहीतर पुसलेल्या नोंदी पुन्हा उगवतील.

हे सगळं झाल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावरची चाचणी पुन्हा करा. आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत आले तर तिथेच थांबा. याहून बारीक अचूकता मनगटावरच्या यंत्राकडून चालण्यासाठी मागण्यात अर्थ नाही. मोकळ्या आभाळाखाली, वेगवेगळ्या दिवशी, वेगळं ॲप वापरूनही रेषा रस्त्यापासून वीस-तीस मीटर लांबच पडत असेल, तर फोनचं कव्हर काढून एकदा बघा. धातूची पट्टी किंवा चुंबक असलेली कव्हरं अँटेनाच्या आड येऊ शकतात. कव्हर काढूनही तसंच राहिलं तर अँटेना बिघडलेली असण्याची शक्यता मोठी, आणि ते काम सेटिंगचं नाही, दुरुस्तीचं आहे. नेताना चाचणीचे आकडे आणि रेषेचे स्क्रीनशॉट सोबत ठेवा.